क्रीकचा दुसरा अर्थ

झरीच्या शाळेत व्यंकटराव रेंगे सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. पाण्याचे शब्द ते फळ्यावर एका दमात लिहीत. सी म्हणजे समुद्र, ओशन म्हणजे महासागर, बे म्हणजे उपसागर, गल्फ म्हणजे आखात, क्रीक म्हणजे खाडी. पोरं पाठ करत. समुद्र ना पोरांनी पाहिला होता, ना सरांनी.

यंदाच्या चाचणीत वैष्णवी नावाच्या मुलीनं क्रीकपुढं 'ओढा' लिहिलं. सरांनी लाल फुली मारली. पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी आली.

"सर, क्रीक म्हंजे ओढा बी हाय."

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात हाय. मामानं रद्दीतून आणलंय. अमेरिकेतल्या शेताचं. त्या शेतातून क्रीक वाहते, अन् समुद्र तिथून हजार मैल लांब. मग खाडी कशी असंल?"

वर्ग हसला. सरांनी तिला जागेवर बसवलं, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी परभणीची बस धरली आणि वाचनालयात जाऊन जाडजूड शब्दकोश काढून घेतला. पोरीचं खरं होतं. इंग्लंडात क्रीक म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती खाडी. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात साधा ओढा. मग त्यांनी बे आणि गल्फ काढले. गल्फ मोठं, बे लहान, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. बंगालचा उपसागर तर कुठल्याही आखाताहून मोठा निघाला. वाचनालय बंद होईस्तोवर ते उतरवून घेत बसले. आधी लाज वाटली, नंतर गोडी लागली.

सोमवारी वर्गात ते म्हणाले, "मी तुमाला अर्धंच शिकवलं होतं." आणि वैष्णवीला एक गुण वाढवून दिला.

त्या एका गुणानं ती पहिली आली. आधी पहिली होती ती अबोली, सरांची सख्खी पुतणी.

"एका ओढ्यापायी घरच्या पोरीचा नंबर घालवला, भावजी," अबोलीची आई, विमलवहिनी म्हणाल्या.

"तिनं बरोबर लिहिलं होतं, वहिनी."

वहिनी फणकाऱ्यानं निघून गेल्या. अबोली मात्र दोनच दिवसांनी वही घेऊन आली.

"काका, मग अरबी समुद्राला महासागर का न्हाई म्हणत?"

सरांनी प्रश्न कागदावर उतरवून घेतला. "बघून सांगतो," ते म्हणाले.