शार्कची बाजू घेणारे सर

पाटसच्या स्टँडवर पत्रकं वाटत होते, तेवढ्यात दौंडहून काकूंचा फोन आला. "सर गेले गं," एवढंच म्हणाल्या. वाघमोडे सर, निमोण्याच्या शाळेतले आमचे विज्ञानाचे मास्तर; काकू त्यांच्या पत्नी. उरलेली पत्रकं हातातच राहिली... त्या दिवशी मला कुणावरच ओरडावंसं वाटलं नाही.

आमच्या वर्गात कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. म्हणून सरांनी शाळेच्या व्हरांड्यात खडूनं मोठा पांढरा शार्क काढला, खऱ्या मापाचा. नाक ऑफिसच्या दाराशी, शेपटी पाण्याच्या टाकीजवळ. आम्हाला त्याच्या पोटात मांडी घालून बसवलं आणि स्वतः बाहेरून शिकवत राहिले. ह्याच्या अंगात एकही हाड नाही, सगळी कूर्चा; आपला कान दुमडून बघा, तसली. दात पडला की मागच्या रांगेतला पुढं सरकतो. नाकावरच्या बारीक छिद्रांतून त्याला दुसऱ्या जिवाच्या अंगातली वीज कळते. "सर, आमच्या वस्तीवर तर लाइटच नसती, तिथं त्याला काय घावणार?" मागून संपत ओरडला. सर हसत हसत शार्कच्या कल्ल्यावरच बसले.

पुढं मी आंदोलनात पडले. भीमेकाठच्या एका गावात कारखान्याच्या पाण्यानं पोरांच्या अंगावर चट्टे उठत होते. मी पत्रक केलं: मालकाच्या धडावर शार्कचं तोंड, दातांतून रक्त. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा. तिथले सरपंच सरांचे विद्यार्थी, त्यांनी ऐकलं असतं तर सरांचंच, म्हणून पत्रक घेऊन सरांकडे गेले. सरांनी पत्रक पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "ह्या चित्रासंगं मी येणार न्हाई."

"सर, पोरांची कातडी सोलून निघतीय, आन् तुम्हाला माशाची पडलीय व्हय?"

"खऱ्याची पडलीय. शार्क एकदा पोटभर खाल्लं की कितीतरी दिवस शिकारीशिवाय काढतो. माणसाला बहुतेकदा चुकून चावतो आन् सोडून देतो. पिल्लं थोडी, तीबी उशिरा, म्हणून आपण मारत सुटलो की तो संपतो. तुझा मालक काय चुकून पाणी सोडतो?"

मी भांडले. खूप भांडले. शेवटी शार्क काढून टाकला आणि नुसत्या पाइपाचा फोटो छापला, बाभळीखालचा, फेस ओकणारा. ग्रामसभेत सरांनी तो वर धरला. "कुठला हाय, बघून सांगा." एक म्हातारी उठली, "आवं, ह्यो तर आमच्या पाणवठ्यावरचा!" मग 'असा पाइपच नाही' म्हणायची कारखान्याच्या माणसाची सोय राहिली नाही. पंचनामा झाला, पाइप बंद झाला. काही महिन्यांनी कारखान्यानं तो दुसरीकडून सुरू केला, लाज न बाळगता. तो राग अजून आहे आणि राहणार. सर चिडवायचे, "हा शार्क पोहायचा थांबला की गुदमरतो. तू बी त्यातलीच."

गेल्या आठवड्यात दौंडला काकूंकडे गेले. पिशवीत नव्या पत्रकाचा मजकूर होता. सरांना दिसेनासं झाल्यापासून मी त्यांच्या खाटेशेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसून प्रत्येक मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचे, मगच तो छापायला जायचा. एखादा शब्द खऱ्यापेक्षा फुगलेला वाटला की सर घसा खाकरायचे. आता खाटेवरची गादी गुंडाळलेली. मी उभीच राहिले. "बस की. वाच," काकू म्हणाल्या. बसले, वाचू लागले. 'राक्षसी कारखाना' या शब्दांपाशी आपोआप थांबले, कुणीतरी घसा खाकरेल म्हणून... मी 'राक्षसी' खोडलं आणि पुढं वाचत गेले.