हात पाहिल्याशिवाय पिस्तूल न देणारे मुकुंदराव

श्री. मुकुंदराव आठल्ये यांच्याशी माझा परिचय झाला तो माझ्या दुखऱ्या हातामुळे. निवृत्तीनंतर मी सिडनीच्या कॅसल हिल उपनगरातून नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागलो होतो. माझ्या पिस्तुलाच्या मुठीमागे ग्रिप सेफ्टीची कळ आहे. तळहाताने ती पूर्ण दाबली गेल्याशिवाय चाप ओढला जात नाही. संधिवाताने पकड सैल झाली आणि भर स्पर्धेत पिस्तूल मुके राहू लागले. "ब्लॅकटाउनला जा, मेट, तुमच्यातलाच माणूस आहे," असे क्लबातल्या एका गोऱ्या स्नेह्याने सुचवले.

पुण्यातील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षे घालवलेले मुकुंदराव येथे परवानाधारक बंदूक-कारागीर आहेत. त्यांनी कळीला निळी शाई लावली, मला मूठ आवळायला सांगितली आणि माझा तळहात उजेडात धरला. शाई जेमतेम कडेला उमटली होती.

"पिस्तूल ठणठणीत आहे, गद्रे. तुमचाच हात मध्ये पोकळ पडतो. कळीला उंचवटा देतो, टोचणारी वरची कडही गोल करतो."

माझ्यासमोरच एका गिऱ्हाइकाने ती कळ कायमची दाबून टाकण्याची मागणी केली. मुकुंदरावांनी त्याचे पिस्तूल परत सरकवले. "हाताला बसवून देईन. निकामी करून देणार नाही." काम संपल्यावर गिऱ्हाइकाने त्यांच्यादेखत मूठ धरून दाखवावी, त्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही, हा त्यांचा दंडक आहे. पावतीवर माझ्या मुलीचाही फोन नंबर लिहून देऊन पिस्तूल मी तेथे ठेवून आलो.

माझी पत्नी बहिणीच्या आजारपणासाठी पुण्याला गेली होती. करोनामुळे सीमा बंद झाल्याने ती तेथेच अडकली आणि दुसऱ्या लाटेत गेली. तिचा अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिला. काही आठवड्यांत सिडनीलाही टाळे लागले. मेलबर्नच्या मुलीला माझ्याकडे येता येईना. अशा एका दुपारी मी मुकुंदरावांना फोन करून पिस्तूल मागितले.

"रेंज बंद आहे की, गद्रे."

"असू दे. कळ नीट बसली नसली तरी चालेल. एकदा चालले म्हणजे झाले."

मग त्यांनी विचारले, "जेवलात का?"

"भूक नाही."

"हात पाहिल्याशिवाय मी पिस्तूल देत नाही."

"अहो, ते माझे आहे!"

"तुमचंच आहे. देणार नाही. आणि तुमच्या मुलीला आत्ता फोन करतोय. रागवायचं तर खुशाल रागवा."

मी रागावलो. मुलीने डॉक्टरांना कळवले, उपचार सुरू झाले. दोन-चार दिवसांनी माझ्या फाटकाशी एक लाकडी मूठ येऊन पडली. मुकुंदरावांनी ती माझ्या हातासाठी तासली होती. त्यानंतर टाळेबंदी उठेपर्यंत ते रोज दुपारी व्हिडिओवर माझी पकड तपासत.

"अंगठा खाली. अजून. अहो, भाजीची पिशवी धरलीय का?"

"संधिवात आहे मला!"

"उद्याही असेल. उद्या याच वेळी."

त्या आवाजासाठी मी दुपारपर्यंत थांबू लागलो.

निर्बंध उठल्यावर त्यांनी पिस्तूल माझ्यापुढे ठेवले. मी मूठ आवळली. कळ कोठेही न टोचता पूर्ण आत गेली.

"न्यायचं?" त्यांनी विचारले.

"नको," मी म्हणालो. एकही प्रश्न न विचारता त्यांनी ते तिजोरीत ठेवले.

त्या दिवशी चहा देताना त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, जे सांगितले, ते मुकुंदरावांनी आजवर स्वतः सांगितलेले नाही. त्याच टाळेबंदीत त्यांचे थोरले बंधू पुण्यात वारले. सकाळी त्यांनी भावाला फोनच्या पडद्यावर निरोप दिला आणि दुपारी त्याच फोनपुढे माझी पकड तपासायला बसले. तो दिवस कोणता, हे मला आठवू गेलो तरी सांगता येत नाही. त्यांचा आवाज एकदाही बदललेला नव्हता.

वयाची पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या मुकुंदरावांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे. त्यांनी आपले दुःखही कधी बोलून दाखवावे, अशी विनंतीही आहे. अजून ते बोललेले नाहीत. दुपारचा फोन आता मी करतो.