बुक बँक आणि माझं ‘हो’

आमच्या त्या सरांचा चेहरा आठवला, की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. लोणावळ्याच्या कॉलेजात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. ‘मोबाईलवरून शिकण्याबद्दल विद्यार्थ्यांची मतं’ असा काहीतरी संशोधनाचा पेपर सरांना लिहायचा होता. तर मतं गोळा करायची कशी? मोबाईलवर! वर्गाच्या ग्रुपवर फॉर्मची लिंक टाकली आणि सर मोकळे. ज्याच्याकडे मोबाईलच नाही त्याचं मत काय, हा प्रश्न एवढ्या शिकलेल्या माणसाला पडू नये?

आमच्या घरात एकच मोबाईल होता. वडील कुसगावातल्या एका हॉटेलात माळीकाम करायचे, मोबाईल त्यांच्या खिशात. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा बॅटरी संपत आलेली आणि नेट कधीच संपलेलं. कुरवंड्यात आमच्या वस्तीवर रेंजचे नखरे वेगळेच. माझा अभ्यास व्हायचा तो लायब्ररीच्या बुक बँकेवर. जूनमध्ये पुस्तकांचा अख्खा संच घरी न्यायचा, परीक्षा झाली की परत करायचा. कोपरे मुडपलेली, कुणीतरी पेनानं रेघोट्या मारलेली पुस्तकं, पण सगळ्या विषयांची. ती नसती तर मी पहिल्याच वर्षी घरी बसले असते.

माझ्याकडे मोबाईल नाही, हे वर्गात सांगायची माझी छाती नव्हती. ‘घरी विसरला’, ‘दुरुस्तीला टाकलाय’, असं ठोकून द्यायचे. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी बाकावर शेजारी बसणारी, बंगल्यात राहणारी एक मुलगी म्हणाली, “माझ्या फोनवरून भर ना, दोन मिनिटांचं काम.” फोन माझ्या हातात दिला आणि खांद्यावरून बघत बसली भवानी! आधी रोल नंबर, मग पहिलाच प्रश्न : तुमच्याकडे स्वतःचा मोबाईल आहे का? ती बघत होती. मी ‘हो’ दाबलं. एकदा हो म्हटल्यावर पुढे काय, सगळं हो. मोबाईलवर अभ्यास जमतो का, हो. छापील पुस्तकांशिवाय चालेल का, त्यालाही हो.

पुढच्या जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचा संच मागायला गेले, तर ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “बुक बँक बंद झाली. आता सगळं ॲपवर. तुम्हा पोरांनाच पुस्तकं नकोत, असा सरांनी रिपोर्ट दिलाय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोबत आमच्या गावची एक मुलगी होती, माझ्याच वर्गातली. तिच्या घरी तर साधा बटणांचा फोन. तीही संच न्यायलाच आली होती. तिच्या हाताला धरून मी तिला ओढतच स्टाफरूममध्ये नेलं.

“सर, कुणाला विचारून बंद केलंत? आमच्याकडे नाहीत मोबाईल! तुम्ही फक्त मोबाईलवाल्यांना विचारलंत आणि आमच्या हातातली पुस्तकं काढून घेतलीत!” आणखीही तोंडाला येईल ते बोलले.

सर चिडलेसुद्धा नाहीत. त्याचाच मला जास्त राग येतो. त्यांनी लॅपटॉप उघडला, माझा मागच्या वर्षीचा रोल नंबर विचारला आणि पडदा माझ्याकडे फिरवला. माझ्या नंबरापुढे ओळीनं हो, हो, हो.

“हे तूच भरलंयस ना?” त्यांनी विचारलं. “मग मी काय समजायचं?”

 “आणि हिचं?” मी कशीबशी म्हणाले. सरांनी खाली-वर करून पाहिलं. हिचा फॉर्म आलेलाच नव्हता.

बाहेर आलो. पायऱ्या उतरताना मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सरांना शिव्या घालेल, मग मीही घालेन. तिनं रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली.

“मला कुणी फोन दिला न्हाई भरायला,” ती म्हणाली. “तुला मिळालता. तू तरी न्हाई म्हणायचं.”