कडुनिंबाखाली उभं राहिलेलं मत

आमची वाडी पवनारच्या पुढं, धाम नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या अलीकडं. वांगी, कोथिंबीर, चवळीच्या शेंगा पिकवायच्या आणि टोपल्या डोक्यावर घेऊन, नाला ओलांडून वर्ध्याची बस गाठायची, हा आमचा रोजचा नेम. पावसाळ्यात नाला फुगला की भाजी घरात सडायची, आणि दुखणेकरी माणूस देवाच्या भरवशावर. म्हणून त्या साली शेजारचे एक भाजीवाले शेतकरी, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, ग्रामपंचायतीला उभे राहिले. त्यांचं म्हणणं एकच : नाल्यावर रपटा बांधायचा, ठेंगणा का होईना, पण पूल. समोरच्या उमेदवाराचं घर-शेत पलीकडं, सडकेला लागून. त्याला रपट्याचं काय पडलं होतं!

आईला मात्र फार पडलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीला दमा होता. उबळ आली की वर्ध्याला नेल्याशिवाय गत्यंतर नसे.

मतदानाच्या सकाळीच वडनेरहून निरोप आला, बाबांचे कुणी लांबचे चुलतभाऊ वारले. भावकीला दहा दिवसांचं सुतक. आणि शाळेचं छप्पर वादळात उडाल्यामुळं मतपेटी ठेवलेली मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात! सुतकात देवळाची पायरी चढायची नाही. झालं, आमचं अख्खं घर बसलं.

आई तेवढी लुगडं नेसून तयार. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, ओसरीत होते. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, म्हणून ते भिंतीकडं बघत मला म्हणाले, "तुया मायले सांग, सुतकात देऊळ बाटवू नको म्हणा."

आईनं पदर पुढं ओढला आणि तीही मलाच म्हणाली, "मोठ्या बाबाले इचार, जो मेला त्या माणसाचं तोंड तरी पाह्यलं काय मी? मी देवाले हात लावाले नाई, शिक्का माराले जाऊन राह्यली."

बाबा दोघांच्या मधे मान खाली घालून सुतळी वळत बसले. ते आयुष्यभर तेच करत आले.

आई निघाली, मी मागोमाग. पण पायरीशी पोचल्यावर तिचा पाय उचलेना. घरात भांडणं सोपं असतं. देवासमोर जीव लहान होतो. ती कडुनिंबाखाली थांबली आणि तिथूनच आतल्या साहेबांना म्हणाली, "साहेब, कागद इथंच आणून द्या नं."

साहेब भला माणूस होता. म्हणाला, "बाई, कागद बाहेर नेता येत नाही. तुम्हीच या."

ती गेली नाही. उन्हं कलली, पेटी बंद झाली, तेव्हा घरी परतली.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. दोघांना मतं सारखी. मग एका लहानग्या पोरीकडून चिठ्ठी उचलवली आणि मामा हरले.

पुढच्या आषाढात धाकटीला उबळ आली. बाबांनी गाडी जुंपली. नाला दोन्ही थड्या भरून वाहत होता, बैल पाण्यात पाय घालीनात. पलीकडं वर्ध्याची बस आली, जराशी थांबली, निघून गेली. आम्ही हातवारे करत राहिलो. धाकटी गाडीतच, आईच्या मांडीवर गेली. मला त्या पाण्याचा अजून संताप येतो, त्या सुतकाचा येतो, मोठ्या बाबांचा येतो. आईनं कुणालाच बोल लावला नाही, याचा तर सगळ्यात जास्त.

पुढची निवडणूक आली तेव्हा मोठे बाबाच नुकतेच वारले होते. म्हणजे सुतक अगदी घरातलं. आणि पेटी पुन्हा देवळातच, कारण शाळेचं छप्पर अजून कागदावरच होतं. आईनं या वेळी कुणाला विचारलं नाही. पदर खोचला, पायऱ्या चढली आणि मारुतीकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "देवा, रागवायचं त माह्यावर रागवजो, लेकराईवर नोको." मग तिनं शाईसाठी बोट पुढं केलं.

मामा त्या वेळी भरघोस मतांनी आले. तिच्या एका मताची गरजच नव्हती.

रपटा झाला. पहिल्याच पावसाळ्यात आम्ही टोपल्या घेऊन त्यावरून निघालो. खालून गढूळ पाणी घुसळत होतं. मधोमध आई थांबली, टोपली खाली ठेवली. मला वाटलं, दमली. ती या थडीकडून त्या थडीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "एवढंसंच होतं व, पोरी."

पलीकडं बसनं भोंगा वाजवला. आमच्यासाठी ती थांबली होती.