मुलुंडची स्वारी अंधेरीच्या बॅले स्पर्धेवर

लोक स्पितीला जाऊन येतात, व्हिएतनामला जाऊन येतात आणि छान छान लिहितात. मी मुलुंडहून अंधेरीला जाऊन आले. हसू नका. मुलुंड पूर्वेच्या माणसाला अंधेरी पश्चिम म्हणजे परदेशच आहे. तिथे पोचायला लागणारा वेळ, तिथली भाषा आणि तिथला कॉफीचा भाव, तिन्ही गोष्टी व्हिसा लागावा अशा आहेत. तुमच्या घरातही एखादी मुलगी पायाच्या बोटांवर उभी राहून फ्रिजमधलं दही काढत असेल, तर हे प्रवासवर्णन तुमच्याच कामाचं आहे.

आमच्या घरची ती मुलगी म्हणजे सई. नववीत आहे आणि चार वर्षं बॅले शिकते आहे. भरतनाट्यम नाही, कथक नाही, बॅलेच. नातेवाइकांना हे समजावून सांगताना माझी अर्धी हयात गेली. सासूबाई अजूनही शेजारणीला 'सई बॅलन्सच्या क्लासला जाते' असं सांगतात, आणि खरं सांगायचं तर ते काही फार चुकीचं नाही. तर पुढे नृत्यातच काही करायचं म्हणणाऱ्या मुलामुलींसाठी अंधेरीत एक स्पर्धा होती. सईच्या टीचरने, रोशेलने, तिचं नाव दिलं आणि मी घरात अट घातली. नंबर आला तर दहावीच्या वर्षातही क्लास चालू. नाही आला तर बॅले बंद, थेट बोर्डाची परीक्षा. सईने एवढंच विचारलं, "कुठलाही नंबर चालेल?" मी म्हटलं, पहिल्या तिनांत. तिने माझा हात हातात घेऊन हलवला, एखादा सौदा पक्का करावा तसा.

नवरा ऑफिसच्या ऑडिटमध्ये अडकलेला, त्यामुळे गाडी चालवायला मिलिंद भावजी आले. हे माझे धाकटे दीर. माणूस सोन्यासारखा, पण कॅरमचा वेडा. संध्याकाळी भांडुपला त्यांची फायनल होती म्हणून स्वतःचा स्ट्रायकर आणि पावडरचा डबा शर्टाच्या खिशात घेऊनच ते गाडीत बसले.

रस्त्याबद्दल सांगते. रविवार आहे, रस्ता मोकळा असेल, असं मनात आणू नका. पवईला तळ्याशी आम्ही इतका वेळ उभे होतो की तळ्यातल्या मगरीही आम्हाला ओळखायला लागल्या असतील. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मेट्रोच्या खांबांखालून गाडी सरकत होती आणि मागच्या सीटवर मी सईच्या केसांचा अंबाडा घालत होते. बॅलेचा अंबाडा हा प्रकार आपल्या अंबाड्यासारखा नसतो. एकही केस सुटा राहता कामा नये. जवळजवळ पाकीटभर पिना लागल्या आणि प्रत्येक खड्ड्याला एक पीन माझ्या बोटात गेली. तेव्हा जाणाऱ्यांनी अंबाडा घरूनच घालून निघावं.

खाण्याचं म्हणाल तर हॉलच्या बाहेर एक इडलीवाला आणि एक उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, एवढंच आहे. इडली झकास आणि चटणी तिखट, पण पोरांना खाऊ घालू नका, स्टेजवर जायचं असतं. आम्ही घरून पोहे नेले होते. सईने दोन घास खाल्ले, उरलेले भावजींनी संपवले. पार्किंग समोरच्या इमारतीत आहे आणि तिथला वॉचमन 'फक्त दोन मिनिटं' या शब्दांवर विश्वास ठेवत नाही.

आत गेल्यावर मात्र मी आधी ओढणी सारखी केली. सगळीकडे हंसासारख्या मानांच्या मुली. त्यांच्या आया इंग्रजीतून हळू आवाजात बोलत होत्या. एकीने मला विचारलं, "विच स्टुडिओ?" मी म्हटलं, "मुलुंड ईस्ट." ती "ओह" म्हणाली. तेवढ्या 'ओह'मध्ये तिने मला ठाण्यापलीकडे नेऊन सोडलं.

स्टेजच्या बाजूला, विंगेत, टीचरशिवाय एका स्पर्धकामागे एकाच मोठ्या माणसाला परवानगी होती. पास अर्थात माझ्या गळ्यात होता. मी सईला पाणी दिलं, "घाबरू नकोस" म्हटलं, पदर नसल्यामुळे ओढणीने तिचा घाम पुसला, आणि पुन्हा "घाबरू नकोस" म्हटलं. रोशेल टीचर बांद्र्याची, बोलायला एकदम रोखठोक. ती म्हणाली, "आंटी, ती नाही घाबरली. तुम्ही तिला घाबरवताय. प्लीज बाहेर थांबा ना." माझा पास काढून तिने भावजींच्या गळ्यात घातला, कारण ते शांतपणे कोपऱ्यात उभे होते. शांत माणूस किती धोकादायक असतो ते तिला अजून कळायचं होतं.

पुढे विंगेत जे झालं ते मला नंतर भावजींनी स्वतःच सांगितलं. तिथे जमिनीवर एक उथळ लाकडी ट्रे असतो. स्टेजवर जाण्याआधी मुली त्यात उभ्या राहून शूजचे तळवे घासतात. ट्रेमध्ये असते राळ, झाडाचा वाळलेला चीक. पायाखाली चुरडला की त्याची पांढरी पावडर होते आणि शूज जमिनीला धरून राहतात, घसरत नाहीत. हे मला आता माहीत आहे. भावजींना तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं की ट्रेमधली पांढरी पावडर संपत आली आहे आणि त्यांच्या पुतणीचा नंबर जवळ आला आहे. कॅरमच्या माणसाला अशा वेळी दुसरं काय सुचणार? त्यांनी खिशातला डबा काढला आणि अख्खा ट्रेमध्ये रिकामा केला.

सई ट्रेमध्ये उभी राहिली, पाय घासले, बाहेर पाऊल टाकलं आणि पाय आपोआप पुढे निघून गेला. तिने पडदा धरला म्हणून वाचली.

"काका, हे काय आहे?"

"पावडर! एकदम अस्सल. आता बघ कशी सुळकन जाशील."

त्यानंतरची रोशेलची किंकाळी मी दाराबाहेर ऐकली. मी उसाच्या रसाचा ग्लास हातात घेऊन तशीच आत घुसले, पासबिस काही विचारलं नाही कुणी. आणखी एका मुलीने त्याच ट्रेमध्ये पाय घातले होते, पण तिच्याकडे जादा शूज होते. सईकडे नव्हते. आयोजक बाई धावत आल्या. भावजींनी त्यांच्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, चूक माझी. मला वाटलं, घसरायचंच असतं." बाईंना हसावं की पोलीस बोलवावे कळेना. ट्रे उचलला गेला, विंगेतली फरशी पुसून घेतली. मग त्या सईला म्हणाल्या, "बेटा, असल्या शूजवर रिस्क नको. नाव मागे घेतलंस तरी कुणी काही म्हणणार नाही."

वाचकहो, इथे माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. नाव मागे घेतलं की नंबर नाही, नंबर नाही की वाद नाही, दहावी सुखाने पार पडेल. मी तोंड उघडणार होते.

"मी नाचणार आहे," सई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला शेवटी पाठवा."

मग आम्ही कामाला लागलो. रोशेलने ओल्या रुमालाने तळवे पुसले, माझ्या पोह्यांच्या डब्यातला काटा घेऊन ते खरवडले. तरी शूज गुळगुळीतच. "काहीतरी चिकट पाहिजे यार, कायपण," ती म्हणाली. राळेचा नवा खडा मिळेना. मी हातातला ग्लास पुढे केला.

"हे काय?"

"उसाचा रस. आलं-लिंबू घातलेला."

रोशेलने ग्लासात बोट बुडवलं, अंगठ्याला लावून पाहिलं आणि मान हलवली. रोशेल, भावजी आणि मी जमिनीवर बसून बॅलेच्या शूजला उसाचा रस चोपडत होतो. आयोजक बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "स्टेजवर मुंग्या आल्या तर त्याही तुमच्याच नावावर हं."

मी धावत शेवटच्या रांगेत जाऊन बसले. सई आली. पहिल्या पावलालाच 'चट्' असा आवाज आला. दुसऱ्याला पुन्हा 'चट्'. पुढच्या रांगेतली 'ओह'वाली मागे वळून बघायला लागली. मी छताकडे पाहत होते. मग एक जागा येते, जिथे तिला एका पायाच्या बोटांवर उभं राहून दुसरा पाय मागे उचलायचा असतो. घरी हे करताना ती नेहमी घाई करते आणि सोफ्यावर पडते. आज उभी राहिली. तशीच राहिली. संगीत पुढे निघून गेलं तरी हिची मान वर, हात पुढे, चेहऱ्यावर काहीतरी असं की मला ती ओळखूच येईना. चौदा वर्षं जिला मी भरवलं, दटावलं, अभ्यासाला बसवलं, तिला मला अजिबात माहीत नसलेलं काहीतरी येत होतं. माझे डोळे भरून आले. मग ती भानावर आली, धावत संगीताला गाठलं, आणि 'चट् चट् चट्' करत संपवलं.

नंबर आला नाही. परीक्षक बाई तिला म्हणाल्या की तुझा तोल सुरेख आहे, पण संगीत कुणासाठी थांबत नसतं.

परतीला आम्ही आरे कॉलनीतून आलो. वेळ थोडा जास्त लागतो, पण झाडं आहेत, म्हशींचे गोठे आहेत आणि हॉर्न कमी आहेत. एका टपरीवर चहा-खारी घेतली. कडक चहा, जरूर घ्या. भावजींची खारी चहातच विरघळून गेली.

"सई, माझ्यामुळे तुझी वाट लागली गं."

"नाही काका. पडले कुठे मी? नंबर माझ्यामुळे गेला. उभं राहायला इतकं मस्त वाटत होतं ना, की म्युझिक विसरले."

घरी पोचलो. भावजी भांडुपला गेले, सोसायटीतून कुणाची तरी पावडर उसनी घेऊन. मी डबे घासायला टाकले. बाहेर आले तर सई स्टुलावर चढून शूजची पिशवी माळ्यावर ठेवत होती. रडत नव्हती. ठरलं होतं, म्हणून ठेवत होती. मला तिच्या त्या शहाणपणाचा भयंकर राग आला.

"तिथे जागा नाही," मी म्हटलं.

"आहे की. एवढी मोठी आहे."

"असू दे. मंगळवारी क्लास आहे ना तुझा? मग आज वर टाकायची आणि परवा मला चढायला लावायचं, हे धंदे नकोत."

ती पिशवी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी गॅसवरचं दूध बघायला गेल्यासारखं केलं. गॅसवर दूध नव्हतं. मागे ती स्टुलावरून उतरली. चार वर्षं बॅले शिकलेल्या मुलीने मुळीच उतरू नये तशी, दोन्ही पायांवर धाडकन.