बिघडवायला दिलेला संगणक

रिम्शा पिंजारी आमच्या केंद्रात शिकवायला आली त्याला आता नऊ वर्षं झाली. अक्कलकुव्यात हायवेला लागून, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या संस्थेचं संगणक प्रशिक्षण केंद्र आहे. मी तिथे नोंदणीच्या टेबलावर बसतो. फॉर्म भरून घ्यायचे, हजेरी लावायची, परीक्षेच्या तारखा कळवायच्या, एवढंच माझं काम. संगणकाच्या पोटातलं मला फारसं कळत नाही. पण रिम्शाने काय केलं ते मी जवळून बघितलंय.

तिचे वडील फकीरभाई गाद्या भरायचे. आई बिबीजान त्या गाद्यांना टाके घालायची. बारावीनंतर रिम्शाने हट्टाने नंदुरबारला वर्षभराच्या संगणकाच्या कोर्सला नाव घातलं. रोज एसटीने जाऊन-येऊन. तिथे तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट घडली. ती तिने मला इतक्या वर्षांत एकदाच सांगितली. सरावाच्या तासाला तिने एक कमांड चुकीची दिली आणि समोरचा संगणक सगळाच पुसला गेला. सगळ्या वर्गाचं काम त्यावर होतं. सर रागावले नाहीत. तू आता मागे बसून नुसतं बघ, एवढंच म्हणाले. कोर्सचे उरलेले महिने ती मागे बसून बघत राहिली. पास झाली, चांगल्या गुणांनी झाली. पण पुढे कितीतरी वर्षं एंटरचं बटण दाबताना हात अडायचा, असं ती म्हणाली. हे सांगताना ती हसत होती, पण चहा तसाच गार झाला होता.

तीन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेने सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळायचा प्रमाणपत्र कोर्स सुरू करायचं ठरवलं. आमचे केंद्रप्रमुख हेमराज सर धानोऱ्याचे, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना या कोर्सची फार हौस होती. अडचण अशी की हा कोर्स नुसता पुस्तकावर होत नाही. सर्व्हर बसवायचा, दुसरा त्याला जोडायचा, मुद्दाम बिघडवायचा आणि दुरुस्त करायचा. एका विद्यार्थ्याला दोन-तीन मशिन हवीत. आमच्याकडे होती अठरा, तीही जुनी, आणि विद्यार्थी सोळा.

यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअलायझेशन. रिम्शाने मला ते असं समजावलं की आपल्या संगणकावर एक सॉफ्टवेअर टाकायचं, आणि त्याच्या आत दुसरा संगणक तयार करायचा. तो डोळ्यांना दिसणाऱ्या पेटीत नसतो, पण वागतो खऱ्यासारखा. तो बिघडला तरी बाहेरच्याला धक्का लागत नाही. असे एकाच्या आत दोन, तीन, मशिनला झेपतील तेवढे करता येतात.

प्रश्न होता, कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं. एका कंपनीचा माणूस सुरतेहून आला आणि त्याने ऑनलाइन लॅब दाखवली. सगळे संगणक त्यांच्याकडे, आपण फक्त ब्राउझर उघडायचा. फार छान चालत होतं. हेमराज सरांनी जवळजवळ मान डोलावलीच होती. रिम्शाने वीस दिवस मागून घेतले.

त्या वीस दिवसांत ती शेवटची बस सुटायच्या वेळेपर्यंत लॅबमध्ये असायची. विंडोजबरोबरच येणारं एक सॉफ्टवेअर होतं, पण त्याला विंडोजची वरची आवृत्ती लागते, आमच्याकडे ती नव्हती. दुसरं देखणं होतं, पण आमच्या जुन्या मशिनना ते पेलवेना. तिसरं व्हर्च्युअलबॉक्स. फुकट, साधं, कुठल्याही मशिनवर टाकता येणारं. तिचं मन त्यावर बसलं. पण पहिल्याच दिवशी सात मशिनवर ते चालूच होईना.

मग तिने नंदुरबारहून हेमकांतला बोलावलं. तो जुने संगणक दुरुस्त करतो, वर्षानुवर्षं आमच्याकडे येतो. त्याने एक मशिन उघडलं, सुरू करून बघितलं आणि म्हणाला, "बेन, यामा काहीच बिघडेल नई. फक्त बंद करी ठेवेल शे." झालं होतं असं की प्रोसेसरमध्ये या कामासाठी एक सोय असते, ती सुरू करावी लागते. त्या सात मशिनवर ती बंद होती, आणि जिथून सुरू करायची तिथे कुणीतरी कधीकाळी पासवर्ड घालून ठेवला होता. तो कुणालाच आठवत नव्हता. हेमकांतने प्रत्येक मशिनच्या आतला नाण्याएवढा सेल काढला, थोडं थांबून परत घातला, पासवर्ड गेला आणि ती सोय सुरू करता आली. भंगारात निघालेल्या मशिनमधली मेमरी काढून त्याने आमच्या मशिनमध्ये वाढवूनही दिली. दोन दिवस राहिला. रिम्शाच्या घरी जेवला.

तेव्हा रिम्शाने तीन विद्यार्थ्यांना चाचणीसाठी बोलावलं. त्यात आशा होती. आशा मणिबेलीची. धरणाच्या पाण्यात गावाचा मोठा भाग गेला, उरलेली घरं वर डोंगरात आहेत. तिथे जायचं तर जीप जाते तिथपर्यंत जीप आणि पुढे बोट. बी.ए. करून ती इथे वसतिगृहात राहून आमचा साधा कोर्स शिकली होती. हुशार, पण अतिशय जपून वागणारी. कमांड बरोबर लिहायची आणि थांबायची. मॅडम येऊन बघेपर्यंत एंटर दाबायची नाही. घरी ती भिली बोलते. इथे मराठी बोलतानाही प्रत्येक वाक्य आधी मनात लावून घेते असं वाटायचं.

रिम्शाने तिच्या मशिनच्या आत लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी वापरतात त्या फुकट प्रणालीचा, एक संगणक तयार करून दिला. मग त्याचा स्नॅपशॉट घेतला. म्हणजे तो संगणक या क्षणी जसा आहे तसाच्या तसा जपून ठेवला. आणि तिने आशाला एक कमांड लिहायला सांगितली. आशाने लिहिली, वाचली, आणि हात मांडीवर घेतले.

"मॅडम, याने सगळं पुसलं जाईल."

"हो. दाब."

आशा काही करेना. रिम्शा तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसली. बाकीचे दोघे बघत होते, मी दारात होतो. बऱ्याच वेळाने आशाने बटण दाबलं. पडद्यावर ओळी धावल्या आणि तो संगणक मेला. पुन्हा सुरू केला तर नुसता काळा पडदा.

"हा खराच गेला?" आशाने विचारलं.

"खराच गेला. आता परत आण."

स्नॅपशॉट कसा उघडायचा ते रिम्शाने दाखवलं. अर्ध्या मिनिटात तो संगणक होता तसा समोर आला. आशाने पुन्हा तीच कमांड लिहिली, पुन्हा पुसला, पुन्हा आणला. आणि तिसऱ्यांदा. चौथ्यांदा तिने कमांड स्वतःच्या मनाने बदलली आणि काय होतं ते बघितलं. रिम्शा तोवर उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. रस्त्यावरच्या ट्रककडे बघत असल्यासारखी. मी तिच्याकडे बघितलं नाही.

बैठकीत हेमराज सरांनी चांगले प्रश्न विचारले. ऑनलाइन लॅबमध्ये काही बसवायला नको, कुणाला मशिन उघडायला नको. पोरं परीक्षेत अडकली तर संस्थेला उत्तर मलाच द्यायचंय, असं ते म्हणाले. रिम्शा एरवी बैठकीत फार बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"सर, ती लॅब चांगलीच आहे. पण ती इथेच राहते. आशा घरी गेली की तिची लॅब संपली. तिच्या गावात रेंज नाही. हे सॉफ्टवेअर तिच्याबरोबर बोटीत बसून जाऊ शकतं."

सरांनी चष्मा काढून पुसला. मनापासून बोलायचं असलं की ते अहिराणीत बोलतात. "एक बॅच तुन्हा मनप्रमाने कर," ते म्हणाले. "मंग देखू."

बॅच सुरू झाली. दोन महिने बरे गेले. मग आशाची आई सोनीबाई बांधावरून घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. शेतात निंदणीचे दिवस, घरात दुसरं कुणी नाही. आशाला जावंच लागणार होतं, महिनाभर तरी. कोर्स सोडते असं सांगायलाच ती माझ्या टेबलाशी आली होती. मी फॉर्म काढला नाही. आधी मॅडमला भेट म्हटलं.

रिम्शाने केंद्रातला जुना लॅपटॉप काढला, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, आशाचा लिनक्सचा संगणक त्यात उतरवला. हेमराज सरांची सही घेतली. आशाने लॅपटॉप पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवला, डबा प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि गेली. तिच्या घरी छपरावर सौर पाटी होती. ऊन पडेल त्या दिवशी अभ्यास, नाही पडलं तर नाही.

पाच आठवड्यांनी ती परत आली. हातात एक वही होती. संगणक किती वेळा बिघडवला, कसा बिघडवला, दुरुस्त होतो का ते बघितलं आणि नाहीच झाला तेव्हाच स्नॅपशॉटने परत आणला, हे सगळं तारखेवार लिहिलेलं. सत्तेचाळीस वेळा. रिम्शाने ती वही दुपारभर वाचली, जेवायचं विसरून.

परीक्षा नंदुरबारला झाली. सोळापैकी बारा पास झाले. आमच्यासारख्या केंद्राला हे पुष्कळ होतं, हेमराज सरांनी पेढे आणले. आशा नापास झाली. थोडक्यात. दोन संगणक एकमेकांना जोडण्याच्या भागात तिचे गुण गेले होते.

रिम्शाने पेढा घेतला नाही. तिने निकालाचा कागद पुढे घेऊन पुन्हा पुन्हा बघितला, आणि मग तो जुना लॅपटॉप उघडून बसली. संध्याकाळी ती सरांच्या खोलीत गेली. त्या लॅपटॉपची मेमरी इतकी कमी होती की त्याच्या आत एकच संगणक चालायचा. दोन सुरू केले की तो बंद पडायचा. जोडायला दुसरा संगणकच नव्हता, तर आशा सराव कशाचा करणार? हे आधी तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही, असं तिने सरळ सांगितलं. सरांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

दुसऱ्या दिवशी आशाला बोलावून तिने तेच सांगितलं. आशाने ऐकून घेतलं.

"मॅडम, दोन चालत नाहीत हे मला तिथेच कळलं होतं," ती म्हणाली. "मी वहीत लिहिलं नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

रिम्शाने तिचा हात धरला. मग दोघी कामाला लागल्या. लिनक्सचे कितीतरी प्रकार असतात म्हणे, काही फार लहान. रिम्शाने चार-पाच उतरवून बघितले. एक इतका हलका निघाला की त्या जुन्या लॅपटॉपच्या आत त्याचे तीन संगणक एकदम चालू राहिले आणि एकमेकांशी बोलू लागले. रिम्शाने तोच सगळ्या बॅचसाठी ठरवला. आजही आमच्याकडे तोच आहे. मशिन कोणतंही असो, विद्यार्थ्याला घरी जे द्यायचं ते आधी तो घरी वापरणार त्याच मशिनवर चालवून बघायचं, हा नियम तिने लॅबच्या दारावर स्वतःच्या अक्षरात लिहून लावला.

दोन महिन्यांनी आशा पुन्हा परीक्षेला बसली आणि पास झाली. आता ती नंदुरबारला एका खाजगी दवाखान्यात आहे. तिथले सगळे संगणक तीच सांभाळते. पहिल्या आठवड्यात तिने रिम्शाला दिवसातून तीनदा फोन केला असेल. नंतर रविवारी एकदा, आणि तोही गप्पा मारायला.

गेल्या उन्हाळ्यात आशाने रिम्शाला आग्रहाने मणिबेलीला नेलं. मलाही बरोबर घेतलं. रिम्शाला पाण्याची भीती वाटते हे मला बोटीतच कळलं. ती मधल्या फळीवर बसली, दोन्ही हातांनी फळी धरून, आणि समोरचा किनारा सोडून कुठेही बघेना. आशा तिच्याशेजारी सरकून बसली आणि पाण्यात गेलेल्या गावाची माहिती सांगत राहिली. इथे आमचं जुनं घर होतं, इथे आंब्याचं झाड. तिथे फक्त पाणी दिसत होतं. रिम्शाने हळूच एक हात फळीवरून काढला आणि आशाच्या हातात दिला.

सोनीबाईचा हात बरा झाला होता, थोडा वाकडा राहिला होता. तिला मराठी येत नाही. तिने लेकीमार्फत रिम्शाला विचारलं, ही पोरगी तिकडे नक्की काय करते? रिम्शाने समजावायला सुरुवात केली, आशाने भिलीत सांगितलं, पण ते मध्येच थांबलं, कारण आशाला शब्द सापडेनात आणि तिघीही हसायला लागल्या. सोनीबाईने मग तो विषय सोडला. भाकरी वाढली. निघताना तिने आमचुराची पुरचुंडी रिम्शाच्या ओंजळीत ठेवली आणि तिच्या डोक्यावरून तो वाकडा हात दोनदा फिरवला.