दोघांसाठीचा पंखा

पेट्रोल आणि मासळीचा एकत्र वास आला की मला मलकापुरातलं ते इंजिनदुरुस्तीचं दुकान आठवतं. बायको गेल्यानंतरचा पहिलाच उन्हाळा होता. धरणाचं पाणी उतरलं होतं आणि बुडालेल्या बाभळीच्या खुंटावर आपटून नावेच्या इंजिनाचा पाण्यात फिरणारा पंखा मोडला होता. दुकानदार चाचांनी दोन पंखे पुढ्यात ठेवले. म्हणाले, "हा वजन ओढते, पण हळू चालते. तो हलक्या नावेले, जोरात पळते. किती जनं बसता?" मी सवयीनं बोलून गेलो, "दोघं. जाळं ओढाले बायको राह्यते." बोलल्यावर ध्यानात आलं, पण शब्द मागे घेववेना. चाचांनी वजनाचा पंखा कागदात गुंडाळला. "भाभीले पुढं बसवजा, मंग नाव बराबर चालते," ते म्हणाले. मी नुसतं "हाव" म्हटलं. दुसऱ्या दिवशी रिकाम्या नावेत इंजिन उगीच ओरडत राहिलं आणि नाव काही वेग घेईना. काठावरचे अजून विचारतात, "काऊन बदलत नाही बे तो पंखा?" मी हसतो, पुढच्या फळीवर दोन मोठे धोंडे ठेवतो आणि नाव पाण्यात लोटतो.